खालच्या कोर्टातला वकील

हायकोर्टात अपील करायची वेळ आली की माणसं हात सैल सोडतात. सोनं मोडतं, शेत गहाण पडतं, मुंबईचा नाहीतर नागपूरचा नावाजलेला वकील गाठला जातो. त्याच माणसांनी दहा-बारा वर्षांपूर्वी तालुक्याच्या कोर्टात दावा लावताना ‘ओळखीतला आहे, सांभाळून घेईल’ एवढ्या एका गुणावर वकील ठरवलेला असतो. दिवाणी दाव्याचं गणित मात्र नेमकं उलटं आहे. कागद, साक्षी, उलटतपास हे सगळं खालच्या कोर्टात होतं. जिल्हा कोर्टातलं पहिलं अपील त्याच फाइलवर चालतं. नवा पुरावा वर आणायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ४१ नियम २७ ची अरुंद वाट आहे, आणि ‘तेव्हा वकिलांनी दाखल केला नाही’ हे कारण तिथे सहसा चालत नाही. हायकोर्टातलं दुसरं अपील तर कलम १०० प्रमाणे कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नापुरतंच ऐकलं जातं. ताबा कोणाचा होता, साक्षीदार खरं बोलला का, हे तिथे पुन्हा उगाळत नाहीत. म्हणजे ज्या वकिलासाठी आपण सगळ्यात कमी विचार करतो, त्यानेच बांधलेली फाइल शेवटपर्यंत आपल्याबरोबर राहते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सांगली-साताऱ्याच्या पक्षकाराचा मुंबईचा फेरा टळला, हे चांगलंच झालं. पण तिथेही जाते ती हीच फाइल.

इथे विचार करायचा आहे तो वाटपाच्या दाव्याचा, कारण कोर्टाशी कधी संबंध न आलेली घरंही याच दाव्यापायी कोर्टात जातात. वडील गेले, वारसांची नोंद लागली, बहिणींची नावं एकतर लागलीच नाहीत किंवा लागून पुढच्या फेरफाराने उडाली. मग कधीतरी जमिनीला भाव येतो, रस्ता जातो, मोबदल्याची नोटीस येते आणि हिश्शाचा प्रश्न उभा राहतो. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानेच सहदायक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच हिस्सेदार झाली, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही हे सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सांगितलं. एवढं ऐकून अनेकांना वाटतं, आता दावा म्हणजे औपचारिकता. तसं नसतं. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेलं वाटप किंवा खरेदीखत या दुरुस्तीने मोडत नाही. त्यामुळे समोरचा पक्ष १९९० च्या दशकातलं वाटप दाखवणार, आणि ते खरोखर झालं होतं की फक्त तलाठ्याकडे वर्दी देऊन फेरफार केला होता, यावर सगळा दावा फिरणार.

वकिलाची पारख याच ठिकाणी होते. पहिल्या भेटीत सध्याचा सातबारा हातात घेऊन ‘शंभर टक्के आपलाच निकाल’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडावं. बरा वकील निकालाबद्दल बोलायच्या आधी कागद मागतो: १९५० च्या आसपासपासूनचे हस्तलिखित सातबारे, प्रत्येक फेरफाराची पूर्ण नक्कल, आठ-अ म्हणजे खात्याचा उतारा, एकत्रीकरण योजनेतले नऊ-तीन आणि नऊ-चारचे उतारे. हे शेवटचे उतारे ज्याच्या तोंडून आपणहून येतात, त्याने जमिनीचे दावे चालवलेले असतात. जुन्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला हे त्यांच्यावरून जुळवावं लागतं, आणि ते जुळलं नाही तर आजोबांची जमीन आणि आजची जमीन एकच आहे हे सिद्ध करतानाच दम निघतो.

त्याने वंशावळही मागितली पाहिजे. मूळ पुरुषापासून आजपर्यंतची, वारलेल्यांच्या तारखांसह, लग्न झालेल्या मुलींच्या सासरच्या नावांसह. वाटपाचे दावे ज्या कारणांनी पडतात त्यातली दोन इथेच असतात. एखादी चुलत आत्या राहून गेली तर आवश्यक पक्षकार नाही म्हणून दावा अडतो. एखादा गट राहून गेला, समजा गावठाणातलं घर किंवा शेजारच्या शिवारातली अर्धा एकर, तर अर्धवट वाटपाचा आक्षेप येतो. दुरुस्ती अर्ज देता येतो, पण साक्षी सुरू झाल्यावर तो मंजूर करून घेणं कठीण जातं. ही माहिती वकिलाला स्वप्नात दिसत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसून ती आपणच काढायची असते.

दावा जिथे जमीन तिथल्याच कोर्टात लागतो, त्यामुळे पुण्या-मुंबईत राहणाऱ्यालाही वकील तालुक्याच्या गावातलाच बघावा लागतो. तिथला बार लहान असतो, सगळे एकमेकांना ओळखतात. वकिलाचं समोरच्या वकिलाबरोबर चहापाणी आहे यात वावगं काही नाही, त्यावरून संशय घेत बसू नये. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: समोरच्या पक्षकाराचं, त्याच्या पतसंस्थेचं किंवा त्याच जमिनीबाबतचं काम तुम्ही कधी केलंय का, सल्ला दिलाय का? त्याच प्रकरणात एका बाजूला सल्ला दिलेल्या वकिलाला दुसऱ्या बाजूने उभं राहता येत नाही, हा बार कौन्सिलचा नियम आहे. तिन्ही बहिणींचा मिळून एकच वकील घ्यायला हरकत नाही, फक्त पुढे एकीने भावाशी परस्पर तडजोड केली तर तो कोणाचं काम बघणार, हे आधीच बोलून ठेवावं.

चौकशीचा आणखी एक मार्ग फारच थोडे लोक वापरतात. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने शोध घेता येतो. त्याचे आठ-दहा जुने दिवाणी दावे उघडावेत आणि तारखांचा इतिहास वाचावा. दावा ‘अनरेडी’मध्ये, म्हणजे सुनावणीला तयार न होता, किती वर्षं होता, साक्षीच्या टप्प्यावर मुदतीचे अर्ज कोण देत होतं, एकतर्फा किंवा ‘विना कैफियत’ (प्रतिवादीच्या लेखी उत्तराशिवाय) असे हुकूम किती वेळा दिसतात. यातलं सगळं वकिलाच्या हातात नसतं, पण पाचव्या-सहाव्या दाव्यापर्यंत त्याची पद्धत कळते. दुसरं म्हणजे एक सकाळ त्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसावं. दिवाणी कोर्ट सर्वांना खुलं असतं. दावे पुकारल्यावर कोण उठतं, उलटतपास कोण घेतं, ‘साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत’ हे वाक्य किती वेळा ऐकू येतं, ते तिथे कळतं. बोर्डाचा आकार आणि गाडीच्या काचेवरचा बिल्ला यावरून काहीच कळत नाही. वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे आणि नावाची पाटीसुद्धा माफक आकाराची असावी असं नियम सांगतो. तालुक्याच्या गावात चक्कर मारली की हा नियम किती जणांनी वाचलाय ते दिसतं.

सिनियर असणं आणि काम स्वतः करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या वकिलाकडे पाच ज्युनियर आहेत, त्याच्याकडे तारखा ज्युनियर घेणार, आणि त्यात गैर काही नाही. मात्र दाव्याचा मसुदा, मनाईच्या अर्जावरचा युक्तिवाद आणि उलटतपास ही तीन कामं कोण करणार, हे फी ठरवतानाच विचारून घ्यावं. दहा वर्षं वकिली केलेला, स्वतः मसुदा लिहिणारा वकील अशा दाव्याला अनेकदा जास्त उपयोगी पडतो, असं माझं मत आहे.

फीबद्दल बोलायची आपल्याकडे लाज वाटते. वकीलसाहेबही ‘बघू हो, तुमच्याकडून काय घ्यायचं’ म्हणतात आणि भांडणाचं बी तिथेच पडतं. तारखेगणिक फी ठरवली तर तारखा वाढण्यात कोणाचा तोटा नाही हे लक्षात घ्यावं. त्यापेक्षा टप्प्यांवर ठरवावी: दावा दाखल करणं, मनाईचा अर्ज, साक्षी, युक्तिवाद. न्यायालय शुल्क, समन्सचा भत्ता, टायपिंग, नकला हे फीमध्ये आहे की वेगळं, ते लिहून घ्यावं आणि दिलेल्या पैशांची पावती मागावी. ‘जमीन मिळाली की दोन एकर माझ्या नावावर’ असा करार करायला वकिलाला मनाई आहे, तो कितीही गोड वाटला तरी. दावा लावणारी स्त्री असेल तर दोन गोष्टी विचाराव्यात. मालमत्तेच्या वादात स्त्रियांना न्यायालय शुल्कात सूट देणारी राज्याची १९९४ ची अधिसूचना आपल्या दाव्याला लागू होते का? आणि तालुका विधी सेवा समितीकडून वकील घ्यायचा का? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. फुकटचा वकील कामाचा नसतो हा समज मात्र सरसकट खरा नाही. तिथेही वर सांगितलेलीच पारख लावावी.

वकीलपत्राचा छापील फॉर्म बहुतेक जण न वाचता सही करतात. त्यात दावा काढून घेणं, तडजोड करणं, पैसे स्वीकारणं असे अधिकार एका दमात दिलेले असतात. तडजोडीचं आणि पैशांचं वाक्य खोडून ‘पक्षकाराच्या लेखी संमतीने’ असं लिहायला सांगितलं तर कोणताही समंजस वकील रागावत नाही. वकीलपत्र एकदा दाखल झालं की दावा संपेपर्यंत चालू राहतं. ते रद्द करायचं तर कोर्टाची परवानगी लागते.

आता पक्षकाराची खरी परीक्षा: वकिलाला सगळं सांगणं. २००१ साली बहिणीने तलाठ्यापुढे ‘मला हिस्सा नको’ असा जबाब दिलेला असतो, किंवा भावाने लग्नात खर्च केला म्हणून साध्या कागदावर सही केलेली असते. हे लाजेपोटी लपवलं जातं आणि नेमकं उलटतपासात समोर येतं. पहिल्या भेटीत सांगितलं असतं तर वकिलाने त्याचं उत्तर दाव्यातच लिहिलं असतं: स्थावर मिळकतीवरचा हक्क सोडायला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, आणि फेरफाराची नोंद महसुलापुरती असते, तिने मालकी जात नाही. तेच साक्षीत प्रथम बाहेर आलं की साक्षीदार खोटारडा ठरतो आणि त्याच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यालाही किंमत उरत नाही. वकिलाला सांगितलेली गोष्ट कायद्याने गोपनीय आहे, ती उघड करायला त्याला भाग पाडता येत नाही.

दावा दाखल करतानाच बहुधा तात्पुरत्या मनाईचा अर्ज जातो. महाराष्ट्रातल्या कोर्टांत त्याला सर्रास ‘निशाणी पाच’ म्हणतात. समोरच्याने जमीन विकू नये, ताब्याला अडथळा करू नये, असा हुकूम त्यातून मागतात. या अर्जाच्या वेळी वकिलाला खरी घाई असते आणि आपण कागद ‘पुढच्या आठवड्यात आणतो’ म्हणतो. तोवर खरेदीखत होतं. दावा चालू असताना झालेली विक्री निकालाला बांधील असते हे खरं, पण महाराष्ट्रात त्यासाठी दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवण्याची तरतूद आणि पद्धत आहे. हे काम दावा लागल्यापासून काही दिवसांत उरकावं. वकिलाच्या डोक्यातून ते निसटण्याची शक्यता बरीच असते, म्हणून आपणच आठवण करावी. आपल्यावर दावा येणार अशी कुणकुण असेल तर उलट बाजूने कॅव्हेट, म्हणजे ‘आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम करू नये’ असा अर्ज, टाकून ठेवता येतं. ते ९० दिवस टिकतं, मग पुन्हा टाकावं लागतं.

प्रतिवादी असाल तर समन्स हातात पडल्या दिवसापासून घड्याळ सुरू होतं. कैफियत ३० दिवसांत द्यायची, कोर्ट कारणं नोंदवून ९० दिवसांपर्यंत वाढवतं. त्यानंतरही साध्या दिवाणी दाव्यात कोर्ट कधीकधी दंड लावून कैफियत घेतं, म्हणून पक्षकार निर्धास्त राहतात. ही सवय महागात पडते, कारण तोपर्यंत मनाईचा अर्ज एकाच बाजूचे कागद बघून निघालेला असतो.

वादीच्या बाजूने दावा सगळ्यात जास्त काळ अडतो तो समन्समध्ये. बारा प्रतिवादी, त्यात चार आत्या, त्यांची सासरची गावं वेगवेगळी, दोन चुलतभाऊ कल्याण-डोंबिवलीत घर बदललेले. एकाचं समन्स न बजावता परत आलं की पुढची तारीख. वकिलाकडे पत्ते शोधायची यंत्रणा नसते. पत्ते आपण काढायचे, भत्ता वेळेवर भरला का ते कारकुनाला विचारायचं, बेलीफ गावात येणार त्या दिवशी घर दाखवायला कोणीतरी हजर ठेवायचं. वकिलाच्या कारकुनाशी नीट वागावं, असा सल्ला जुनेजाणते देतात तो उगाच नाही. तारीख कधी, नक्कल तयार झाली का, रोजनाम्यात (कोर्टाच्या तारीखवार नोंदीत) काय लिहिलं, हे वकिलाच्या आधी त्याला ठाऊक असतं.

यापेक्षाही घातक चूक मृत्यूची असते. पक्षकारांपैकी कोणी वारलं तर ९० दिवसांत वारस दाखल करावे लागतात. नाही केले तर त्याच्यापुरता दावा संपुष्टात येतो. तो पुन्हा उभा करायला पुढचे ६० दिवस, आणि त्यानंतर विलंब माफीचा अर्ज. गावात तेराव्याचं जेवण सगळे जेवून येतात, पण वकिलाला कळवायचं कोणाच्या लक्षात येत नाही. वाटपाच्या दाव्यात प्रत्येकाचा हिस्सा दुसऱ्याच्या हिश्शाशी जोडलेला असल्याने एकाचे वारस राहिले की सगळाच दावा गोत्यात येऊ शकतो.

म्हणून घरी एक वही असावी. तारीख, दावा कशासाठी होता, काय झालं, कागदाला कोणती निशाणी (कोर्टाचा क्रमांक) पडली, पुढची तारीख. सीएनआर हा ई-कोर्ट्सवरचा दाव्याचा सोळा अक्षरांचा नंबर पहिल्या पानावर लिहावा, म्हणजे मोबाइलवरच तारीख बघता येते आणि ‘काय झालं साहेब?’ असा फोन न करता ‘कैफियतीची प्रत मिळाली का?’ असा नेमका प्रश्न विचारता येतो. दाखल झालेल्या प्रत्येक कागदाची प्रत आपल्या फाइलमध्ये हवी. अस्सल कागद वकिलाच्या कपाटात ठेवू नयेत. कोर्टात दाखल करताना यादीसह द्यावेत आणि त्या यादीवर पोच घ्यावी.

साक्षीची वेळ येते तेव्हा सरतपास, म्हणजे आपल्या बाजूची मूळ साक्ष, प्रतिज्ञापत्रावर होतो. ते वकिलाने लिहिलेलं असतं, पण त्याखाली सही आपली असते, आणि उलटतपासात पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येतो: यातला मजकूर तुम्ही सांगितला का? आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी ते प्रतिज्ञापत्र आणि दावा शेजारी ठेवून वाचावेत. एकात गट नंबर २१४ आणि दुसऱ्यात २४१, अशा चुका नेहमी सापडतात. साक्षीत माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणावं. वकिलाने उत्तरं पाठ करून घेतली तर सावध व्हावं. त्याने कागद वाचायला लावणं, क्रम समजावणं हे योग्य आहे. उत्तर घडवून देणं नाही.

परदेशात किंवा मुंबईत राहणारे अनेकदा गावातल्या भाच्याला कुलमुखत्यारपत्र देऊन मोकळे होतात. कुलमुखत्यार दावा दाखल करू शकतो, तारखा करू शकतो. पण ज्या गोष्टी फक्त आपल्याला स्वतःला माहीत आहेत त्यांची साक्ष तो आपल्या जागी देऊ शकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानकी भोजवानी प्रकरणात २००४ मध्येच स्पष्ट केलंय. १९९८ साली वडिलांनी वाटप केलं नव्हतं हे अमेरिकेतल्या मुलीला माहीत आहे आणि भाच्याचा तेव्हा जन्मही झालेला नाही, असा पुरावा टिकणार कसा? साक्षीच्या वर्षी यावं लागेल किंवा व्हिडिओ कॉन्फरन्ससाठी वेळेत अर्ज करावा लागेल. परदेशात केलेलं कुलमुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करायचं असतं, तेही विसरू नये.

मध्येच लोकअदालतीत तडजोडीचा विषय निघतो. ती वाईट नसते, उलट बऱ्याच घरांना तीच परवडते. फक्त तडजोड पुरसिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) मराठीत, चतुःसीमांसह, नकाशा जोडून आणि कोणाला कोणत्या बाजूचा किती हिस्सा हे लिहून घ्यावी. ‘ज्याच्या ताब्यात जे आहे ते त्याला’ अशा एका ओळीवर सही करू नये. संमतीच्या हुकूमनाम्यावर आणि लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही.

वकील बदलावासा वाटला तर तो साक्षीच्या आधी बदलावा. उलटतपास अर्धा झाल्यावर नवा माणूस जुन्याच्या मनातलं ओळखू शकत नाही. आधी सरळ बोलून ना-हरकत घ्यावी. मिळाली नाही तर कोर्टाकडे अर्ज करावा. फी थकली म्हणून वकिलाला फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००० सालच्या आर. डी. सक्सेना निकालात सांगितलंय. खरोखर गैरवर्तन असेल तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. ग्राहक मंचाचं दार मात्र सुप्रीम कोर्टाच्या १४ मे २०२४ च्या निकालाने बंद झालं. आणि दावा हरणं म्हणजे गैरवर्तन नव्हे.

निकाल लागला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्यावा. जिल्हा कोर्टातल्या अपिलाची मुदत ३० दिवस आहे, आणि नक्कल मिळण्यात गेलेला वेळ त्यातून वजा होतो, पण अर्ज केल्यापासूनचाच. निकाल बाजूने लागला तरी काम संपत नाही. घर आणि गावठाणातल्या जागेसाठी कोर्ट कमिशनर आणि अंतिम हुकूमनामा. शेतजमिनीचं वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे कलेक्टरकडे आणि तिथून तहसीलदार व भूमी अभिलेख कार्यालयाकडे. यासाठी दरखास्तीचं, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचं, वेगळं वकीलपत्र असतं, वेगळी फी असते, आणि दावा जिंकणारा वकील यात पारंगत असेलच असं नाही. महसूल कार्यालयाचे खेटे ज्याला सवयीचे आहेत असा वकील इथे बघावा. मोजणीच्या दिवशी बांधावर वकील नसतो. तिथे आपण, शेजारचे खातेदार आणि भूकरमापक. हद्दीच्या खुणा रोवून, ताबा पावती होऊन, फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर स्वतंत्र हिस्सा चढेपर्यंत ‘दरखास्त निकाली काढावी’ अशा पुरसिसवर सही करू नये.